संग्रहालयांची सरासरी आणि आपलं शहर

एस. एफ. मार्कहॅम आणि एच. हारग्रीव्ह्ज यांनी हिंदुस्थानातल्या संग्रहालयांची पाहणी केली, ती 1936 साली प्रसिद्ध झाली. संग्रहालये भरली 105. 1931 च्या जनगणनेत लोकसंख्या 35 कोटींच्या घरात, म्हणजे साधारण 33 लाख माणसांमागे एक. ऐकून हळहळ वाटते, पण यातून औरंगाबादकराला काय कळतं? हे शहर तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. 1914 पासून गुलाम यझदानी पुरातत्त्व खातं सांभाळत होते, अजिंठ्यावर त्यांनी मोठं काम केलं. राज्याचं संग्रहालय मात्र राजधानीत, पाचशेहून अधिक किलोमीटर दूर. भागाकारात अंतर दिसत नाही.

सरासरीचंही तसंच. हैदराबादचं सालारजंग संग्रहालय 1951 मध्ये खुलं झालं. तिथल्या कलावस्तू सुमारे 43 हजार सांगतात. त्याच्या शेजारी प्रत्येकी हजार वस्तूंची चार छोटी संग्रहालये मांडून बघा. सरासरी येते 9,400. एवढ्या वस्तू असलेलं एकही संग्रहालय त्या पाचांत नाही! चढत्या क्रमाने लावून मधलं उचललं तर हजार. मला हा आकडा जास्त प्रामाणिक वाटतो.

टक्केवारीने तर छोट्यांची फार बदनामी होते. शंभर कर्मचाऱ्यांतला एक निवृत्त झाला तर एक टक्का घट, दोघांतला एक गेला तर पन्नास टक्के.

आपल्या शहरात सोनेरी महालातलं संग्रहालय राज्य सरकारचं, दुसरं महापालिकेचं, तिसरं विद्यापीठाच्या इतिहास विभागाचं. तिघांच्या तिजोऱ्या वेगळ्या. पाहणीचा फॉर्म मात्र सगळ्यांना एकच येतो, आणि तो वेळेवर भरतं ते, ज्याच्याकडे कारकून आहे. उरलेल्यांची कोरी जागा पुढे कुणीतरी शून्य म्हणून वाचतो. म्हणून अहवाल हातात आला की किती जणांनी उत्तर दिलं नाही, हे मी आधी शोधतो.

मग ‘संग्रहालय’ कशाला म्हणायचं हा प्रश्न. खुलदाबादला हजरत जैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्यात पैरहन-ए-मुबारक आहे. 12 रबीउल अव्वलला त्याच्या जियारतीसाठी प्रचंड गर्दी लोटते. तिथे तिकीट नाही, क्युरेटर नाही, म्हणून पाहणीत रकानाही नाही. आणि ज्या घरांत फारसी सनदा अजून ट्रंकेत आहेत, त्यांची मोजणी तर कुणाच्याच यादीत नाही.