रस्त्यावरील मुलांचे पुनर्वसन, मुंबईतील

पालकांच्या देखरेखीवाचून रस्ता, पदपथ, रेल्वेचे फलाट, बाजार अशा ठिकाणी राहणाऱ्या अथवा तेथेच उपजीविका करणाऱ्या मुलांना निवारा देणे आणि त्यांना कुटुंबात वा स्वावलंबी जीवनात स्थिर करणे, यासाठी होणाऱ्या कार्यास रस्त्यावरील मुलांचे पुनर्वसन असे म्हणतात. अशा मुलांचे सामान्यतः तीन वर्ग मानले जातात : दिवसभर रस्त्यावर काम करून रात्री घरी परतणारी, कुटुंबासह रस्त्यावरच राहणारी, आणि घराशी संबंध तुटलेली, एकटी मुले. या तिन्ही वर्गांच्या गरजा भिन्न आहेत. कायद्याने मात्र दीर्घकाळ त्यांना एकाच नजरेने पाहिले आणि ती नजर बहुधा पोलिसाची होती.

भारतातील या विषयावरील पहिला कायदा म्हणजे १८५० चा उमेदवारीचा कायदा. दहा ते अठरा वर्षे वयाच्या अनाथ व दरिद्री मुलांना धंदेशिक्षणासाठी कारागिराकडे बांधून देण्याची त्यात तरतूद होती आणि किरकोळ गुन्हा केलेल्या मुलांनाही तोच मार्ग लागू होता. निराश्रित आणि गुन्हेगार यांची ही सांगड पुढे शतकभर सुटली नाही. मुंबईतील पहिली अशी शाळा लॉर्ड कॉर्नवॉलिसने १८४३ मध्ये काढली, असे अनेक पुस्तकांतून छापलेले आढळते. तथापि कॉर्नवॉलिस १८०५ मध्येच मृत्यू पावला होता. ‘बॉम्बे टाइम्स’चा संपादक जॉर्ज ब्यूइस्ट याच्या प्रयत्नांतून निघालेल्या उद्योगशाळेस १८५७ मध्ये डेव्हिड ससून या व्यापाऱ्याचा आश्रय लाभला. त्याच्या नावाची ही औद्योगिक शाळा पुढे माहीम येथे चालू राहिली. सुधारशाळांविषयीचे १८७६ व १८९७ चे कायदे केवळ गुन्हा शाबीत झालेल्या मुलांपुरते होते. त्यामुळे कोणताही गुन्हा न करता फुटपाथवर झोपणाऱ्या मुलाची सोय त्यांत नव्हती. मुलींची तर नव्हतीच.

भारतीय तुरुंग समितीने (१९१९–२०) मुलांना प्रौढ कैद्यांपासून पूर्णतः वेगळे ठेवण्याची शिफारस केली. तीस अनुसरून मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) व मुंबई (१९२४) या प्रांतांनी बालक अधिनियम केले. मुंबईच्या अधिनियमाखाली घर नसलेल्या, भीक मागणाऱ्या किंवा वाईट संगतीत सापडलेल्या मुलासही न्यायालयापुढे आणता येऊ लागले. त्याच्या अंमलबजावणीसाठी १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी ही संस्था स्थापन झाली व मुंबईत बाल न्यायालय सुरू झाले. मुलांना तात्पुरते ठेवण्यासाठी डोंगरी-उमरखाडी येथील जुना तुरुंग निवडण्यात आला. लोकमान्य टिळक व आगरकर यांनी १८८२ मध्ये १०१ दिवसांचा कारावास भोगला, तो हाच तुरुंग. तुरुंगापासून मुलांना दूर ठेवण्यासाठी निघालेल्या व्यवस्थेचे घर असे तुरुंगाच्या भिंतींआड मांडले गेले. जागेच्या टंचाईने ही निवड समजण्यासारखी असली, तरी तिचा परिणाम दूरवर झाला. हरवलेले मूल, पळून आलेले मूल व चोरीच्या आरोपातील मूल यांना आणणारा शिपाई एक, दरवाजा एक आणि कुलूपही एकच. मुंबईत ‘डोंगरी’ हा शब्द मुलांना भीती घालण्यासाठी वापरला जाऊ लागला, यात नवल नाही. येथून मुलांची रवानगी प्रमाणित शाळांत किंवा मानखुर्द येथील बालगृहात होई. तेथे सुतारकाम, शिवणकाम यांसारखे उद्योग शिकविले जात.

मुलाच्या वर्तनामागील कौटुंबिक कारणांचा शास्त्रीय अभ्यास नागपाडा येथे १९३६ मध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या संचालकत्वाखाली निघालेल्या समाजकार्य विद्यालयामुळे (पुढे टाटा समाजविज्ञान संस्था) सुरू झाला. १९४८ च्या मुंबई बालक अधिनियमाने १९२४ च्या अधिनियमाची जागा घेतली. पण पद्धत फारशी बदलली नाही.

खरा बदल संस्थेबाहेरच्या कार्यकर्त्यांनी घडविला. स्नेहसदन (१९६२) या जेझुइट धर्मगुरूंच्या संस्थेने मोठ्या वसतिगृहाऐवजी लहान कुटुंबवजा घरांची पद्धत स्वीकारली. वडाळ्याचे शेल्टर डॉन बॉस्को (१९८७) आणि ‘सलाम बॉम्बे’ चित्रपटानंतर मीरा नायर यांच्या पुढाकाराने निघालेला सलाम बालक न्यास यांनी कार्यकर्त्यालाच फलाटावर पाठविले. या मुलांना भंगार वेचून, बूटपॉलिश किंवा हमाली करून स्वतःचे पैसे मिळविण्याची सवय असते. पैसे व मैत्री यांबरोबर येणारे स्वातंत्र्य सोडून ती बंद दरवाजाआड राहत नाहीत, संधी मिळताच पळून जातात. म्हणून खुल्या निवाऱ्यात आंघोळ, जेवण, औषधोपचार, सामान ठेवण्याची जागा एवढेच प्रथम देऊ केले जाते. घराचा पत्ता विचारण्यास आठवडे जाऊ शकतात. घाईने घरी पोहोचविलेले मूल, ज्या मारहाणीमुळे किंवा उपासमारीमुळे ते निघाले ती तशीच असल्यास, पुन्हा फलाटावर येते.

शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये मुलांना तुरुंगात ठेवण्याविरुद्ध निर्देश दिले. त्याच वर्षीचा बाल न्याय अधिनियम देशभर लागू करण्यात आला. २००० च्या अधिनियमाने काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक आणि कायद्याशी संघर्ष झालेले बालक यांच्यासाठी अनुक्रमे बालकल्याण समिती व बाल न्याय मंडळ अशा वेगळ्या यंत्रणा ठेवल्या व मुलगा-मुलगी दोघांसाठी अठरा वर्षांची मर्यादा घातली. २०१५ च्या अधिनियमात खुल्या निवाऱ्यास स्वतंत्र स्थान मिळाले. मुंबईत १९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेतून जेरू बिलिमोरिया यांनी सुरू केलेली १०९८ ही विनामूल्य दूरध्वनिसेवा देशभर पसरली. २०२३ मध्ये ती शासकीय यंत्रणेकडे आली व ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली.

टाटा समाजविज्ञान संस्था व ॲक्शनएड यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणनेत मुंबईत रस्त्यावरील ३७,०५९ मुले आढळली. त्यांतील बहुसंख्य कुटुंबासह राहत होती. एकट्या, पळून आलेल्या मुलाला डोळ्यांपुढे ठेवून रचलेल्या बालगृहांचा या मुलांना फारसा उपयोग नाही. त्यांचा प्रश्न आईबापांच्या निवाऱ्याचा, रोजगाराचा आणि शाळाप्रवेशाचा आहे. पदपथावरील झोपड्या हटविल्या की अशा कुटुंबातील मुलांची शाळाही बहुधा सुटते.