संच बदलला तो कशासाठी?

८ जानेवारी १९५० रोजी धारवाडचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. लोंढा-हुबळी लोहमार्गावरील अळणावरास ते जवळचे. त्यासाठी साधा संचही पुरे. पुण्याची गोष्ट निराळी. तेथून १९५५ साली ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे गीतरामायण ध्वनिक्षेपित होऊ लागले, आणि इतक्या दूर ते स्पष्ट ऐकावयाचे तर संचही तोलाचा हवा होता. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत जातात व अंतराबरोबर क्षीण होतात. रात्री उच्च वातावरणातून परावर्तित होऊन त्या दूर पोचतात खऱ्या, पण आवाज चढतो, उतरतो. चांगल्या संचाची थोरवी म्हणूनच मोठ्या आवाजात नसते. जवळच्या प्रबळ केंद्रातून दूरचे दुर्बळ केंद्र निवडून काढणे आणि हे चढउतार सावरणे, यांत ती असते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. सीमा बदलली, पुण्याची लहर पूर्वीच्याच वाटेने येत राहिली. तिला घरात आणणाऱ्या नव्या संचाचा खर्च केवळ चैनीच्या खात्यात मांडणे न्यायाचे होणार नाही.