अवरक्त छायाचित्रण
दृश्य प्रकाशाच्या तांबड्या टोकापलीकडील अदृश्य किरणांच्या साहाय्याने छायाचित्रे घेण्याची पद्धती. हे किरण विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये शोधून काढले. त्यांच्या योगे घेतलेली निसर्गचित्रे अमेरिकन भौतिकीविज्ञ रॉबर्ट विल्यम्स वुड यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतील पाने हिमासारखी शुभ्र दिसत. यालाच पुढे ‘वुड परिणाम’ हे नाव पडले.

ही फिल्म उष्णता टिपते, असा नवशिक्यांचा समज होतो. वस्तुतः पानांतील पेशीरचनेमुळे परावर्तित झालेले, सु. ७०० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीचे सूर्यकिरणच ती टिपते. डोळ्यांवर विसंबणे हे बहुतेक चुकांचे मूळ होय. फिल्म निळ्या प्रकाशालाही संवेदनशील असल्याने तांबडी किंवा अपारदर्शक भासणारी गाळणी न लावल्यास चित्र जवळजवळ नेहमीसारखेच येते. अवरक्त किरण भिंगामागे थोड्या अधिक अंतरावर केंद्रित होतात. म्हणून भिंगावरील वेगळ्या खुणेनुसार अंतर न जुळविल्यास प्रतिमा अस्पष्ट होते. प्रकाशमापक अवरक्त प्रमाण अचूक सांगत नाही. त्यामुळे एकाच दृश्याला कमीअधिक प्रकाश देऊन अनेक चित्रे घ्यावी लागतात. कोडॅकची ‘हाय स्पीड इन्फ्रारेड’ फिल्म पूर्ण अंधारातच कॅमेऱ्यात भरावी लागे. एरवी बाहेर आलेल्या टोकातून प्रकाश आत शिरून ती धूसर होई.

चूक उमगते ती फिल्म धुतल्यावरच. या फिल्मचे उत्पादन २००७ मध्ये बंद झाल्यामुळे शिल्लक साठ्यातील वाया गेलेली प्रत्येक चौकट कायमची गमावली जाते.