लाकूड, सोने आणि फौज

महाराष्ट्रातल्या पोरांनी दिवाळीत आजवर जेवढे किल्ले बांधले तेवढे कोणत्याही छत्रपतीने बांधले नसतील. चार दगड, माती, वर जुने गोणपाट, त्यावर पेरलेले अळीव, आणि बुरुजाबुरुजांवर कुंभाराकडून आणलेले मावळे. आमच्या नारपोलीत चाळीच्या पायरीशेजारी असे किल्ले अजून दिसतात. फरक पडला आहे तो एवढाच, की किल्ला बांधून झाला, त्यावर पणती ठेवली की पोरे हात धुऊन घरात जातात आणि संगणकापुढे बसून दुसरीच फौज हाकू लागतात. अळिवाच्या किल्ल्यावरचा मावळा जागचा हलत नाही. पडद्यावरचा शिपाई हलतो, लढतो, मरतो, आणि त्याच्या जागी दुसरा उभा करायला पैसे लागतात!

घरातली वडीलमंडळी या खेळाला एका शब्दात निकालात काढतात. मला तसे करवत नाही, कारण या खेळाची वंशावळ फार जुनी आहे आणि तिच्या मुळाशी आपणच आहोत. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी चार अंगांची सेना पटावर मांडून चतुरंग खेळायला भारताने जगाला शिकविले. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात राजाने करायच्या करमणुकींमध्ये या खेळाला जागा आहे. (हे कल्याणी म्हणजे कर्नाटकातले बसवकल्याण, आमच्या शेजारचे कल्याण नव्हे.) पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठाने सतराव्या शतकात 'नीतिमयूख' लिहिला. तो राजनीतीचा ग्रंथ, आणि त्यातही बुद्धिबळ आहे. राजनीती सांगता सांगता शास्त्रीबुवा पटाकडे वळतात, यावरून त्या काळी हा खेळ किती गंभीरपणे घेतला जाई ते कळते. आपल्या जुन्या देशी पद्धतीत तर प्याद्याने केलेली मात विशेष मानाची समजत. वजिराने राजा कोंडला तर त्यात नवल ते काय! पायदळातल्या एका शिपायाने कोंडला तर खरी शर्थ.

पण बुद्धिबळात एक मोठी सोय करून ठेवली आहे. पट सपाट असतो, शत्रूची सगळी सेना डोळ्यांसमोर असते, आणि एकाची खेळी चालू असताना दुसरा हात बांधून बसतो. खरी लढाई अशी सौजन्याने चालत नाही. ही उणीव भरून काढली प्रशियातल्या दोघा बापलेकांनी. थोरल्या राइसविट्झने १८१२ मध्ये आपल्या राजाला एक युद्धखेळ करून दाखविला आणि त्याच्या लेकाने १८२४ मध्ये त्याचे नियम छापले. चौकटींचा पट गेला आणि त्या जागी खराखुरा नकाशा आला. एक डाव म्हणजे दोन मिनिटांचा काळ असे ठरले. मुख्य म्हणजे दोन्ही पक्षांच्या मधे एक पंच बसविला. सेनापतीने हुकूम लिहून पंचाकडे द्यायचा, आणि स्वाराला ती चिठ्ठी घेऊन जायला जितका वेळ लागेल तितका वेळ गेल्यावरच पंचाने तो हुकूम अमलात आणायचा. शत्रूही जेवढा दिसणे शक्य असेल तेवढाच दाखवायचा. प्रशियाचा सरसेनाध्यक्ष म्युफ्लिंग हा खेळ पाहून इतका खूश झाला की त्याने तो साऱ्या सैन्याला शिकवायची शिफारस केली. शोधक तरुणाचे दैव मात्र खोटे. तीनच वर्षांनी त्याने आत्महत्या केली.

यानंतरची मोठी उडी संगणकाची. १९९२ मध्ये वेस्टवुड या अमेरिकन कंपनीने 'ड्यून २' नावाचा खेळ काढला आणि १९९४ मध्ये ब्लिझर्डने 'वॉरक्राफ्ट'. त्यात एका बाजूला माणसे आणि दुसऱ्या बाजूला ऑर्क नावाचे हिरवे, सुळेवाले राक्षस. म्हणजे आपल्या पोथ्यांतल्या देवदैत्यांचीच परदेशी आवृत्ती. नवलाई त्या राक्षसांत नव्हतीच. नवलाई अशी की पाळीपाळीने खेळणे बंद झाले. दोन्ही सैन्ये एकाच वेळी हलतात, घड्याळ कोणासाठी थांबत नाही, आणि तुम्ही चहाचा घोट घेतलात तर तेवढ्यात शत्रूने तुमची कोठारे पेटविलेली असतात.

आणखी एक गोष्ट या खेळाने आणली, जी बुद्धिबळातही नव्हती आणि प्रशियन नकाशावरही नव्हती, ती म्हणजे खजिना. डाव सुरू होताना फौज नसते. असतात ते चार-दोन कामकरी. त्यांनी खाणीतून सोने काढायचे, रान तोडून लाकूड आणायचे, शेते उभारायची. शेते जेवढी, तेवढ्याच तोंडांची फौज. २००२ च्या तिसऱ्या 'वॉरक्राफ्ट'मध्ये तर कामकऱ्याला ७५ मोहरा आणि तलवारबाज शिपायाला १३५ असा रोकडा भाव आहे. शिवाय सैन्याची खाणारी तोंडे ५० च्या वर गेली की खाणीतून येणाऱ्या सोन्यात तीस टक्के तूट येते, आणि ८० च्या वर गेली की साठ टक्के. हे मी प्रथम ऐकले तेव्हा मला थोरल्या बाजीरावांची ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेली पत्रे आठवली. एवढा मोठा रणधुरंधर, पण सावकारांच्या तगाद्याने जेरीस आलेला. फौज वाढली की दौलत वाढते असे लोकांना वाटते. बाजीरावांना कर्ज वाढलेले दिसे. ती गोष्ट हा खेळ दहा वर्षांच्या पोराला अर्ध्या तासात पटवून देतो, हे त्याचे मोठेपण मी मोकळ्या मनाने कबूल करतो.

आता लाकडाकडे येऊ, कारण तेथे आमच्या भिवंडीचा संबंध येतो. शिवाजीमहाराजांनी १६५७ च्या ऑक्टोबरात कल्याण आणि भिवंडी आदिलशाहीकडून घेतली आणि त्यांचे पाय खाडीच्या पाण्याला लागले. खाडी मिळाली म्हणजे आरमार हवे. आरमाराला लाकूड हवे, आणि सुतार हवेत. लाकूड वरच्या डोंगरांत होते. सुतार मिळविले ते पोर्तुगीज! रुई लैतांव व्हियेगश नावाचा त्यांचा एक जहाजबांधणीतला वाकबगार माणूस आपल्या कारागिरांसह महाराजांच्या कामावर लागला होता. वसईच्या पोर्तुगीज कप्तानाने त्याला आतून फूस लावली आणि १६५९ मध्ये ही मंडळी काम टाकून निघून गेली. पडद्यावरच्या खेळात गोदी बांधायला सोने आणि लाकूड पुरते. सुताराला फितविता येत नाही. महाराजांनी पुढे आपल्याच माणसांच्या हातून आरमार उभे केले.

आणि ते लाकूड तोडायचे कोणाचे? रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त याचे उत्तर आहे. आरमारासाठी साग वगैरे लाकूड राज्यातल्या अरण्यांतून हुकमाने तोडावे. पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात, तेव्हा झाड अगदी जीर्ण झालेच असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन मगच तोडावे, असा त्या मजकुराचा आशय. मी हा परिच्छेद वाचतो तेव्हा पडद्यावरचे ते रान माझ्या डोळ्यांपुढे येते. तेथे कुऱ्हाड चालली की झाड नाहीसे होते आणि कोपऱ्यातला आकडा वाढतो. त्या झाडाला धनी नाही. त्याखाली कोणी बसलेले नाही, त्याच्या कैऱ्यांचे लोणचे कोणी घातलेले नाही.

महाराजांचे चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना राज्याभिषेकाच्या सुमारास लिहिलेले पत्र तर सर्वांच्या परिचयाचे आहे. पावसाळ्यासाठी जमविलेला दाणागोटा आणि गवत आताच उधळलेत तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, असा अगदी हिशेबी इशारा त्यात आहे. पेटत्या दिव्याची वात उंदराने ओढून नेली तर गवताची गंजी पेटेल, इतका बारीक विचार आहे. येथवर वॉरक्राफ्ट खेळणारा कोणताही हुशार मुलगा मान डोलावील. पण पत्र तेवढ्यावर थांबत नाही. चारा संपला की तुम्ही कुणब्यांच्या घरी दाणे आणि भाजी मागत हिंडाल, आणि मग लोकांना मोगलांपेक्षा तुम्ही वाईट वाटाल, असे महाराज आपल्याच फौजेला बजावतात. खेळातला हिशेब घोडी जगविण्यापाशी संपतो. महाराजांचा हिशेब कुणब्याच्या परसापर्यंत जातो.

खेळातल्या कामकऱ्याचीच गोष्ट पाहा ना. तो खाण ते वाडा, वाडा ते खाण अशी ये-जा न थकता करतो. गंमत म्हणून त्याच्यावर पुन्हा पुन्हा टिचकी मारली तर तो वैतागून काहीतरी बोलतो आणि पोरे खदखदा हसतात. त्याची तक्रार म्हणून काय ती एवढीच. आमच्या नारपोलीत यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस चालतो, आणि त्या मागांवरची माणसे उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, तेलंगणातून आलेली. ती होळीला, ईदेला गावी जातात, आणि ती गेली की माग गप्प होतात. २०२० च्या मे महिन्यात टाळेबंदीत भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे कामगारांची गाडी सुटली. नंतर कित्येक आठवडे येथे जी शांतता पसरली ती ज्यांनी ऐकली, त्यांना कामकरी म्हणजे कोपऱ्यातला आकडा नव्हे हे वेगळे सांगावे लागत नाही.

राहिली गोष्ट धुक्याची. या खेळात जेथे आपला माणूस पोचला नाही तो प्रदेश काळा दिसतो. टेहळ्या पाठवावा तसतसा तो उजळत जातो. या कल्पनेचे बीज क्लाउझेविट्झ या प्रशियन सेनानीच्या, १८३२ पासून छापून निघालेल्या युद्धविषयक ग्रंथात आहे. युद्धात सेनापतीला निम्म्याहून अधिक गोष्टी धुक्यातूनच पाहाव्या लागतात, असे तो म्हणे. पुण्याच्या शनिवारवाड्यातून पाहिले तर १७३७ साली साष्टी आणि वसई अशीच धुक्यात होती. खाड्या, तिवरांची राने, भरती-ओहोटीच्या वेळा, पोर्तुगीजांच्या चौक्या, यांतले देशावरच्या स्वाराला काय कळणार? तेथे टेहळ्या पाठवून भागणारे नव्हते. तेथे गावचा माणूसच हवा होता.

तो माणूस आमच्या शेजारचा. नारपोलीच्या कडेला जो अंजूरफाटा आहे त्याच फाट्याच्या अंजूर गावचे गंगाजी नाईक. पोर्तुगिजांच्या धर्मविषयक जुलुमाने साष्टीतले लोक गांजले होते. त्यांची गाऱ्हाणी गंगाजी आणि त्यांच्या भावांनी पेशव्यांच्या कानी घातली आणि मोहिमेचा पिच्छा पुरविला. 'साष्टीच्या बखरी'त या खटपटीची हकीकत आहे. त्यांनी वाटा दाखविल्या, माणसे जोडली, आतल्या बातम्या आणल्या. मार्च १७३७ मध्ये मराठी फौज खाडी उतरली तेव्हा ठाण्याचा पोर्तुगीज कोट अजून पुरता बांधूनही झाला नव्हता. तो हाती आला. वसईचा कोट मात्र शिड्या लावून घेता येईना. शंकराजी केशवांचे हल्ले परतले, पावसाळे गेले, माणसे गेली. जानेवारी १७३९ मध्ये तारापूर घेताना बाजी भीवरावांसारखा मोहरा पडला. शेवटी चिमाजीअप्पांनी वसईला वेढा घालून तटाखाली सुरुंग खणले, बुरूज उडविले, आणि मे महिन्यात पोर्तुगीजांनी शरणागतीचे निशाण दाखविले. मराठ्यांकडचे मेलेले आणि जखमी हजारांनी मोजावे लागले. अप्पांनी किल्ल्यातल्या पोर्तुगीजांना लष्करी मानाने, शस्त्रांसह बाहेर पडू दिले. राहू इच्छिणाऱ्यांना धर्म पाळायची मोकळीक दिली.

वॉरक्राफ्टमध्ये डाव जिंकला की एक तक्ता येतो: सोने किती काढले, लाकूड किती तोडले, शत्रूचे किती मारले, किती इमारती पाडल्या. त्यात गंगाजी नाईकांसाठी रकाना नाही, आणि ज्यांच्यासाठी त्यांनी पुण्याच्या खेपा केल्या त्यांच्यासाठीही नाही. नारपोलीतल्या एका मुलाला मी ही सगळी हकीकत सांगितली तेव्हा त्याने मोठा मार्मिक प्रश्न विचारला: "आजोबा, मग वसई जिंकल्यावर पुढे काय केले त्यांनी?" पुढे शंकराजी केशव वसईचे सरसुभेदार झाले, वसईचे नाव काही काळ बाजीपूर पडले, आणि दोन वर्षे तुडविल्या गेलेल्या मुलखाचा सारा कोणाकडून, किती आणि केव्हा घ्यायचा याची दप्तरे उघडली गेली. त्याला हे ऐकून फारशी मजा वाटली नाही. त्याला नाईकांचा वाडा पाहायचा आहे. तो अंजूरला अजून उभा आहे, आणि फाट्यावरून रिक्षा मिळते.