कल्कुडाचा हात

आजच्या विषयात पहिली अडचण शब्दाचीच आहे. तुळू माणूस ‘भूत’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात आपलं पिंपळावरचं भूत नसतं. घराण्याची, गावाची, शेताची राखण करणारी शक्ती असते. कोकणातली मंडळी इथं बसली असतील, तर ‘राखणदार’ म्हटलं की त्यांना लगेच कळेल. तुळूत ‘दैव’ असंही म्हणतात. मंगळूरला न्यायाधीश असलेल्या बर्नेलनं जमवलेल्या या कथा १८९४ पासून ‘इंडियन अँटिक्वरी’त छापल्या गेल्या, आणि मथळा काय? तुळूंची सैतानपूजा! साहेबाचं सोडा, पण आपणही ‘भूत’ शब्दानं फसतोच.

तुळुनाडू म्हणजे दक्षिण कन्नड, उडुपी आणि केरळातल्या कासरगोडचा उत्तर भाग. इथल्या दैवांत पंजुर्लीसारखं रानडुकराचं रूप आहे, कोटी-चेन्नय्यांसारखे बिल्लव समाजातले जुळे वीर आहेत. बरीचशी दैवं अशी, की जी कधीकाळी माणसं होती आणि अन्यायानं मेली किंवा ‘मायेत गेली’. जोग म्हणजे दिसणारं जग, माया म्हणजे न दिसणारं. त्यांच्या कथा म्हणजे पाड्दनं. भाताची लावणी करताना बायका ती गातात, आणि कोलाच्या रात्री दैव अंगात येण्याआधीही ती म्हटली जातात.

त्यातलं कल्कुडाचं पाड्दन बघा. कल्कुड म्हणजे पाथरवट. बाप श्रवणबेळगोळला गोमटेश्वर घडवायला जातो. मुलगा मोठा होऊन बापाच्या शोधात निघतो आणि पुढं कारकळला राजासाठी तसाच गोमट घडवतो. राजा खूश होतो, आणि अशी मूर्ती दुसरीकडं कुठं होऊ नये म्हणून त्याचा डावा हात आणि उजवा पाय तोडतो. तरी हा गडी वेणूरला जाऊन एका हातानं तिसरा गोमट उभा करतो. भावाची ही दशा बघून बहीण कल्लुर्टी पेटून उठते. दोघं मायेत जातात, दैवं होतात, आणि राजाला सळो की पळो करून सोडतात.

आता तारखा लावू. बेळगोळची ५७ फुटी मूर्ती, जिच्या पायाशी आपला तो सुप्रसिद्ध मराठी लेख आहे, ती चामुंडरायानं दहाव्या शतकाच्या अखेरीस करवली. कारकळची ४२ फुटी मूर्ती वीर पांड्याची, १४३२ सालची. वेणूरची अजिल राजाची, १६०४ची. म्हणजे बाप-लेकाच्या आयुष्यात सहाशे वर्षं बसवली आहेत! हात तोडल्याची गोष्ट तर ताजमहालाच्या कारागिरांबद्दलही सांगतात. तेव्हा घटनेचा पुरावा म्हणून पाड्दन कोर्टात टिकणार नाही.

पण म्हणून ते टाकून द्यायचं का? मला नाही पटत. शिलालेख देणाऱ्याचं पुण्य सांगतात. पाड्दन घडवणाऱ्याच्या बाजूनं बोलतं. तिन्ही मूर्ती एकाच पाथरवट घराण्याच्या खात्यावर टाकणं, हा एक हिशेबच आहे. मूर्ती करवणारे तीन, त्यांची सत्ता गेली. कल्कुड-कल्लुर्टीला मात्र आजही कोल लागतो.

इथंच लोक घाईनं म्हणतात, की बघा, कोलात जात उलटी होते. नलिके, परव, पंबद या दलित समाजांतल्या माणसाच्या अंगात दैव येतं. नारळाच्या कोवळ्या झावळ्यांचा घेर, चेहऱ्यावर पिवळा रंग. आणि ‘गुत्तु’ घराण्याचा जमीनदार त्याच्यासमोर हात जोडून उभा. दैव त्याला खडसावतं, भावाभावांच्या भांडणात निवाडा देतं. सिंधुदुर्गातला अवसर आणि कौल ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे अनोळखी नाही. पण सकाळ झाली की रंग धुतला जातो, आणि तोच माणूस पिढ्यान्‌पिढ्या त्याच घराच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिलेला आहे. कोलाचा यजमान जमीनदारच, बिदागी देणाराही तोच. दैवाला कडक बोलायची मुभा होती, पण कुणाच्या अंगणात, हे विसरू नका. १९७४च्या कर्नाटकातल्या कूळकायद्यानं गुत्तु घराण्यांच्या जमिनी गेल्या, तेव्हा हे नातं खरं हललं. पुढं मुंबईच्या हॉटेलांतून गावी जाणारा पैसाही कोलांना लागू लागला.

सिरीचं पाड्दन आज राहिलं. ते बायकांचं आहे, फार लांब आहे, आणि वेळ संपलीये. काही प्रश्न असतील तर घेऊ.