रक्ताची साक्ष

रायपूरच्या भनपुरी भागातील कारखान्यांतून माल भरून निघालेला एखादा मालमोटारीचा चालक एका रात्रीच्या असावधपणानंतर दुसऱ्याच दिवशी रक्त तपासून घेतो. अहवालात दोष आढळत नाही. परंतु मनातील शंका फिटत नाही. ही शंका निराधार नव्हे. तिला शास्त्राचा आधार आहे, आणि इतिहासही आहे.

एचआयव्हीची पहिली रक्तचाचणी १९८५ साली अमेरिकेत प्रचारात आली. हा रोग परदेशांचा, आपला नव्हे, अशी समजूत तेव्हा भारतात रूढ होती. मद्रासमधील मराठी गायतोंडे कुटुंबात जन्मलेल्या डॉ. सुनीती सॉलोमन यांनी ती तपासून पाहण्याचे ठरविले. त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिने १९८६ साली देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यांपैकी सहांत लागण आढळली. अमेरिकेतील फेरतपासणीनेही तेच सांगितले. रोग दाराशी नव्हे, घरात आला होता.

त्या काळची चाचणी मात्र प्रत्यक्ष विषाणू पाहत नसे; विषाणूविरुद्ध शरीराने निर्माण केलेली प्रतिपिंडे ती शोधीत असे. चोर दिसू नये, केवळ पहारेकऱ्याची आरोळी ऐकू यावी, तसाच हा प्रकार. आरोळी उठण्यास काही आठवडे लागत, म्हणून तीन महिन्यांनी फेरतपासणी करण्याचा दंडक पडला. मधल्या अवधीस गवाक्षकाळ म्हणतात. पुढे विषाणूचे प्रथिनही ओळखणाऱ्या चाचण्या आल्या. शिरेतील रक्तावर प्रयोगशाळेत केलेली अशी चाचणी १८ ते ४५ दिवसांत लागण दाखवू शकते. विषाणूचे जनुकद्रव्य शोधणारी चाचणी १० ते ३३ दिवसांत. गवाक्ष अरुंद झाले. मिटले मात्र नाही. या काळात चाचणी मूक असली, तरी रक्त दुसऱ्यास बाधा करू शकते. म्हणूनच तपासणी आपोआप होईल या हेतूने रक्तदान करणे हा दुसऱ्याच्या जिवाशी खेळ ठरतो.

तथापि, चाचणी मूक असते त्याच दिवसांत उपायाला वाव असतो. संसर्गाचा खरा धोका घडला असल्यास ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितके बरे, औषधे सुरू करून ती २८ दिवस घेतल्यास लागण बहुधा टळते. स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा डास चावल्याने हा रोग होत नाही. तेथे भीतीला कारणच नाही.

सॉलोमन यांनी १९९३ साली चेन्नईत वाय. आर. गायतोंडे यांच्या नावाने केंद्र उभारले, आणि ज्यांना इतरत्र दार बंद होते त्या रुग्णांना तेथे आश्रय मिळाला. २०१५ साली त्या निवर्तल्या. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या कायद्याने संमतीविना चाचणी आणि रुग्णांशी भेदभाव यांना मनाई केली.

भनपुरीच्या त्या चालकाने पहिल्या दिवशी गाठावयाचा तो वैद्य, औषधासाठी. चाचणीचा निर्णय मागावयाचा तो योग्य मुदतीनंतर. आणि मुदत संपल्यावर अहवाल निर्दोष आला, तर त्यावर विश्वास ठेवावयाचा. भीतीलाही एक शेवटची तारीख असते.