पुण्याच्या वेशीवर अडलेल्या मुली : केडगाव, १८९७

१/ कोपरहून कल्याणमार्गे पुणे गाठावे आणि पुढे दौंडच्या वाटेला लागावे, की केडगाव स्थानक येते. १८९७ साली याच गावाच्या माळावर दूरच्या प्रांतातून आलेल्या शेकडो भुकेल्या मुलींनी आसरा घेतला. त्यांना पुण्यात राहू दिले गेले नव्हते. त्यांना आणणारी स्त्री होती पंडिता रमाबाई.

२/ पार्श्वभूमी दुहेरी संकटाची होती. १८९६ साली पाऊस फसला आणि मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. त्याच वर्षी मुंबईत प्लेग प्रकटला व लवकरच पुण्यात शिरला. एकीकडे माणसे अन्नासाठी घरे सोडून निघाली होती. दुसरीकडे बाहेरून येणारा प्रत्येक माणूस शहरांना धोका वाटू लागला होता.

३/ रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या. तेथील अनाथगृहे आणि मदत-छावण्या त्यांनी पाहिल्या. आईबाप गमावलेल्या मुलींना भुकेइतकेच भय होते ते आमिष दाखवून पळवून नेणाऱ्यांचे. हे पाहून त्यांनी सुमारे ३०० मुली व तरुण विधवांना आपल्याकडे आणण्याचे ठरवले.

४/ त्यांना हे दुःख ऐकीव नव्हते. १८७० च्या दशकातील दुष्काळात, तीर्थयात्रेतील भटकंतीत, वडील अनंतशास्त्री डोंगरे व आई लक्ष्मीबाई यांचा अंत त्यांनी पाहिला होता. पुढे थोरली बहीणही गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. परमुलखातली उपाशी मुलगी म्हणजे काय, हे त्या देहाने जाणत होत्या.

५/ पुण्यात त्यांचे शारदा सदन होते; पण प्लेगच्या निर्बंधांमुळे नव्या मुलींना शहरात ठेवता येईना. शहराच्या दृष्टीने त्या मुली म्हणजे रोगाची शक्यता. रमाबाईंनी मग केडगावची जमीन जवळ केली. शारदा सदनाला उत्पन्न मिळावे म्हणून घेतलेली ती शेती होती. तेथे आधी तात्पुरता निवारा उभा राहिला आणि त्यातूनच ‘मुक्ती सदन’ आकारास आले.

६/ शहराचे भय खोटे नव्हते. प्लेग खरोखर माणसे मारत होता. प्रश्न वेगळा होता : भयाच्या काळात कोणाचा जीव आधी मोजायचा? त्याच वर्षी मे महिन्यात रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात पुण्याच्या प्लेग-व्यवस्थेतील स्त्रियांच्या हालांविषयी जाहीर पत्र लिहिले. सरकारने त्यातील आरोप फेटाळले. स्वतः ख्रिस्ती असूनही ख्रिस्ती राज्यकर्त्यांना जाब विचारण्यास त्या कचरल्या नाहीत.

७/ १९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला आणि तिकडूनही मुली आल्या. मुक्तीतील संख्या २,००० च्या घरात गेली. कित्येक इतक्या खंगलेल्या होत्या, की उपचार करूनही वाचल्या नाहीत. जगणार नाही म्हणून कोणाला दाराबाहेर ठेवावे, हा हिशेब तेथे नव्हता. वृद्ध, अपंग आणि समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांनाही तेथे जागा होती. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांनी अंध मुलींना ब्रेल शिकवले. विणकाम, शेती, छपाई अशा कामांतून मुली स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या.

८/ या करुणेला वादाची किनारही आहे. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला होता. १८९३ मध्ये शारदा सदनातील धर्मांतराच्या आरोपावरून रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. टिळकांच्या ‘केसरी’ने कठोर टीका केली. केडगावची संस्था तर उघडपणे ख्रिस्ती होती. निराधार बालिकेला अन्नासोबत धर्म मिळतो, तेव्हा तिची निवड कितपत मोकळी असते, हा प्रश्न तेव्हाही रास्त होता, आजही आहे.

९/ परंतु त्या प्रश्नाची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. टीकाकारांचा आक्षेप धर्माविषयी होता. मुलींची भूक मात्र त्या आक्षेपाने भागणार नव्हती. रमाबाईंची श्रद्धा त्यांना धान्याच्या कोठारापर्यंत, विहिरीपर्यंत, आजारी मुलीच्या अंथरुणापर्यंत घेऊन गेली. इतरांची श्रद्धा तिथवर का गेली नाही, हेही इतिहासाने विचारले पाहिजे.

१०/ ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच रमाबाईंचे निधन झाले. मुक्ती मिशन आजही तेथे आहे. पुन्हा कधी त्या मार्गाने जाल, तेव्हा खिडकीतून त्या माळाकडे अवश्य पाहा. शहराने ज्यांना वेशीवर अडवले, त्यांचे गाव तेथे वसले.